राखणबाबाच्या शेंदराखालची नावं

मित्रांनो, मला पाहून लगेच हात जोडू नका. चपलाही काढू नका. मी देव नाही, एक जुना दगड आहे. इतकी वर्षं देव म्हणून उभं राहिल्यावर हे सांगायची संधी मला आत्ता कुठे मिळाली आहे, तेव्हा जरा बसा आणि ऐका.

माझं गाव बेहडीटोला. चोरखमारा तलावाचा कालवा गावाच्या अंगावरून जातो आणि चारी बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आहेत. एसटी थांबते तिथे कडुलिंबाखाली एक ओटा आहे. त्या ओट्यावर मी उभा आहे. उंचीला मी तुमच्या छातीपर्यंत येईन.

माझा जन्म तलावामागच्या टेकडीतला. एका पाथरवटानं मला खडकातून सोडवलं. जाती आणि पाटे-वरवंटे घडवण्यात त्याचा हात बसलेला होता. माझे दोन चांगले पाटे होतील, असं तो बायकोला म्हणाला होता. म्हणजे सगळं त्याच्या मनासारखं झालं असतं, तर माझा जन्म मिरच्या वाटण्यात गेला असता. पण बेहडीटोल्याची माणसं बैलबंडी घेऊन आली आणि म्हणाली, आम्हाला नावं कोरून हवी आहेत.

नावं दोन होती. शाळेच्या गुरुजींनी ती माझ्या अंगावर खडूनं लिहिली आणि पाथरवटानं खडूवरून छिन्नी चालवली. वर आलं, शिपाई हिरालाल रहांगडाले. हा पासष्टच्या लढाईत गेला. त्याखाली, शिपाई ईश्वरदास टेंभरे. हा एकाहत्तरच्या लढाईत गेला. दोघंही याच गावच्या बांध्यांत धान रोवून मोठे झालेले. छिन्नीचे घाव मला लागले, पण खरं सांगतो, मला अभिमान वाटला. पाटा होण्यापेक्षा हे काम मोठं होतं.

सव्वीस जानेवारीला मला ओट्यावर उभं केलं. सारा गाव जमला होता. गुरुजींचं भाषण झालं, मुलांना गूळ-फुटाणे वाटले आणि माणसं आपापल्या कामाला गेली. मागे राहिली ती ईश्वरदासची आई, मुन्नीबाई. तिनं पदरानं माझ्यावरची धूळ पुसली आणि तीही गेली.

दुसऱ्या दिवसापासून मुन्नीबाई रोज यायला लागली. विहिरीवरून पितळी गुंडात पाणी भरून नेताना ती माझ्यापाशी थांबायची, ओंजळभर पाण्यानं दोन्ही नावं धुवायची आणि मुलाच्या नावाला कुंकवाचा टिका लावायची. हिरालालच्या घरचे गाव सोडून बालाघाटकडे निघून गेले होते, त्याच्या नावाला टिका लावणारं इथे कुणी उरलं नव्हतं. म्हणून एक टिका ती त्यालाही लावायची. बोलायची फारसं नाही. कधी म्हणायची, बाबू, औंदा पाऊस बरा हाये. एवढं ऐकूनच माझा दिवस बरा जायचा.

आता पुढचं नीट ऐका, कारण घोटाळा इथेच झाला.

आमच्याकडे उभ्या दगडाला कुंकू दिसलं की माणसं विचारत बसत नाहीत. विहिरीवर येणाऱ्या बाकीच्या बायका मुन्नीबाईचा टिका बघायच्या. त्यांनीही जाता-येता लावायला सुरुवात केली. मग कुणीतरी रोवणीच्या आधी माझ्यापुढे नारळ फोडला आणि त्या वर्षी त्याचं धान चांगलं झालं. पुढच्या वर्षी चार नारळ आले. मग एका शनिवारी कुणीतरी तेलात कालवलेला शेंदूर माझ्या अंगाला फासला. मुन्नीबाईनं तो पाहिला. ती शेंदरावरच आपला टिका लावून गेली. काही वर्षांनी ती वारली. टिका थांबला, शेंदूर मात्र थांबला नाही.

थरावर थर चढत गेले. अक्षरांच्या खाचा बुजल्या, मग अक्षरंच गेली. गोंदियाच्या बाजारातून माझ्यासाठी दोन मोठे डोळे आणले, पांढरे, मध्ये काळे. ते नेमके हिरालालच्या नावावर चिकटवले. ईश्वरदासच्या नावावर मिशा काढल्या. माझं नाव पडलं राखणबाबा. गावाची, पिकाची, गुराढोरांची राखण करणारा. मला कुणी विचारलं नाही, विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो?

देवपण सोपं नसतं, मित्रांनो. पास होऊ दे, म्हैस सापडू दे, पोरीचं जमू दे. नव्या मोटरसायकली हार घालून माझ्यापुढे उभ्या करायच्या आणि त्यांचा धूर मी खायचा. कुणाचं काम झालं की श्रेय मला आणि नाही झालं तर त्याच्या नशिबाला. मनोहरलाल पटल्यांच्या लहान मुलीला साप चावला होता. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला वाचवलं. पण दवाखान्याच्या दारात मनोहरलालनी माझ्या नावानं नवस बोलला होता. तेव्हापासून त्यांनी माझी सेवा अंगावर घेतली. माणूस सज्जन. रोज सकाळी झाडलोट आणि दिवा. त्यांच्या भक्तीला मी कधी हसलो नाही.

एक गोष्ट मात्र मला खात होती. पंधरा ऑगस्टला शाळेची प्रभातफेरी माझ्यासमोरून जायची. मुलं जोरात म्हणायची, वीर जवान अमर रहे. मग माझ्यापाशी थांबून, डोळे मिटून नमस्कार करायची आणि पुढे जायची. कोणते जवान, ते त्यांना ठाऊक नव्हतं. ज्यांचा जयजयकार चालला होता ते दोघे त्यांच्यापासून हातभर अंतरावर शेंदराखाली होते. मला फार वाईट वाटायचं.

मग शामकला माहेरी परतली. शामकला म्हणजे ईश्वरदासची धाकटी बहीण. भाऊ गेला तेव्हा ती परकर नेसणारी पोर होती. पुढे लग्न होऊन ती कुडव्याला गेली. दर भाऊबिजेला यायची आणि मला ओवाळून जायची. शेंदूर चढताना तिनंही पाहिला होता, आणि आपला भाऊ देव झाला याचं तिला तेव्हा कौतुकच वाटायचं. नवरा वारल्यावर ती आईच्या रिकाम्या घरात राहायला आली. ते घर माझ्यासमोरच आहे, रस्ता ओलांडला की दार.

ती आली त्याच वर्षी मनोहरलालनी माझं मंदिर बांधायचं ठरवलं. ओट्यावर मोठा फ्लेक्स लागला. स्वयंभू राखणबाबा देवस्थान. मला गळ्यापर्यंत सिमेंटात बसवायचं, वर पितळी मुखवटा चढवायचा आणि बाहेरून टाइल्स लावायच्या, असं मिस्त्रीनं सांगितलं होतं.

स्वयंभू म्हणजे आपोआप जमिनीतून वर आलेला. तो शब्द वाचून मला हसू आलं. मला आणताना बंडीचं चाक चिखलात रुतलं होतं आणि ढकलणाऱ्यांनी मला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. शामकलाला मात्र हसू आलं नाही. ती फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी राहिली. हा दगड कुणी आणला नाही, कुणासाठी आणला नाही, असंच त्यावर लिहिलं होतं. एकदा सिमेंट पडलं की भावाचं नाव कायमचं आत जाणार, हे तिला कळलं. त्या रात्री ती जेवली नाही, असं शेजारणी दुसऱ्या दिवशी बोलत होत्या.

पायाभरणीच्या आधी ओट्यावर बैठक बसली. सरपंच भूमेश्वरी आली होती. शामकला काठी टेकत आली आणि ओट्याच्या कडेला बसली. मंदिराच्या आधी एकदा शेंदूर काढा, खाली दोन नावं आहेत, एवढंच तिनं सांगितलं. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. त्यांच्यातल्या काहींना आठवत होतं. तरुण एकमेकांकडे बघू लागले.

मनोहरलाल चिडले, पण आवाज चढवला नाही. "देवाच्या अंगाले छिन्नी लावाची? उद्या गावात काही झालं तं कोन जबाबदार?"

भूमेश्वरी अडचणीत सापडली. अर्ध्या गावाचे नवस माझ्यापाशी होते. तिनं मधला मार्ग काढला. बाबाला आहे तसा राहू द्यावा आणि शेजारी ग्रॅनाइटचा नवा फलक लावावा, दोघांच्या नावांचा. म्हणणं वाईट नव्हतं. बरेच जण हो म्हणाले.

शामकला काठी धरून उठली.

"मनोहरभाऊ, याले पहिला टिका माझ्या मायनं लावला," ती म्हणाली. "पोराच्या नावाले लावला. तिचं पाहून बाकीच्या बायांनी लावला, मंग गावानं शेंदूर लावला. हा जमिनीतून नाही आला. माझ्या मायनं लावलं ते मी काढून राहिली. पाप लागन तं मले लागन."

मनोहरलालना टिक्याची गोष्ट ठाऊकच नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे त्या बाजारातल्या डोळ्यांकडे पाहिलं. मी श्वास रोखला असता, पण मला श्वास नाही. इतक्या वर्षांत मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. माणसं देवाकडे मागतात, मी माणसाकडे मागितलं.

"छिन्नी नाही लावाची," ते शेवटी म्हणाले. "तेल लावू."

त्यांच्या मामाच्या गावी मारोतीचा शेंदूर फार जड झाला होता, तेव्हा तेल घालून त्याचं कवच उतरवलं होतं आणि पाण्यात सोडलं होतं. लहानपणी त्यांनी ते पाहिलं होतं. तसं केलं तर देवाचा अपमान होत नाही, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. आणि हे काम दुसऱ्या कुणाला करू देणार नाही, असंही सांगितलं.

मग काही दिवस मनोहरलाल सकाळ-संध्याकाळ माझ्या अंगावर कोमट जवसाचं तेल सोडत राहिले. ऊन होतंच. एका सकाळी डाव्या बाजूला कवच सुटलं. त्यांनी फटीत बांबूची कामटी सरकवली आणि हलक्या हातानं ओढलं. शेंदराचा तो सारा जाड थर, डोळे आणि मिशांसकट, दोन मोठ्या तुकड्यांत उतरला. मला पहिल्यांदा थंडी वाजली.

तुकडा उलटा केला तर आतल्या बाजूला नावं उठून आली होती, आरशातल्यासारखी उलटी. शेंदरानं ती पुसली नव्हती, इतकी वर्षं घट्ट धरून ठेवली होती. आणि माझ्या अंगावर ती काल कोरल्यासारखी स्पष्ट होती. ईश्वरदासच्या 'ई'च्या खाचेत थोडं कुंकू तसंच राहिलं होतं, काळपट पडलेलं. भूमेश्वरी ओल्या फडक्यानं अक्षरं पुसायला पुढे झाली. शामकलानं तिचा हात धरला. ते कुंकू कुणाचं होतं, हे सांगावं लागलं नाही.

मनोहरलालनी दोन्ही नावं मोठ्यानं वाचली. मग त्यांचे हात सवयीनं जुळू लागले आणि अर्ध्यावर थांबले. ते शामकलाकडे वळले. लहान मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"मंग माझी पोरगी कोनं वाचवली?"

"यांनीच वाचवली असन," शामकला म्हणाली. "नाव माहीत झालं तं हात जोडाले काय हरकत हाये?"

मनोहरलालनी हात जोडले. मी पहिल्यांदाच तो नमस्कार पोचता केला, कारण आता तो कुणाला आहे ते ठाऊक होतं.

कवच पांढऱ्या कापडात गुंडाळून चोरखमारा तलावावर नेलं. शामकला म्हणाली, भावाची राख कधी गावाला आली नाही, मायनं पाण्यात सोडायला काहीच नव्हतं, आता हेच सोडू. सारा गाव मागून गेला, बायकासुद्धा. मी दगड, जागचा हलू शकत नाही. तिकडे काय झालं ते मी पाहिलं नाही. माणसं परतली तेव्हा सगळ्यांचे पाय ओले होते.

मंदिर झालं नाही. माझ्यावर फक्त एक पत्र्याची सावली बांधली. स्वयंभू लिहिलेला फ्लेक्स मनोहरलालनी स्वतः उतरवला, आता त्यांच्या अंगणातल्या धानाच्या पोत्यांवर तो आहे. एक-दोघं अजून नारळ घेऊन येतात, नवस बोलतात. बोलू द्या. पण आधी नावं वाचतात.

शामकला रोज दिवस कलताना येते. पहिल्या संध्याकाळी तिनं ईश्वरदासच्या नावावरून बोट फिरवलं, मग हिरालालच्या नावावरूनही. आणि घरातल्या माणसाला विचारावं तसं साध्या आवाजात विचारलं, "जेवला का गा भाऊ?" मला उत्तर देता आलं नाही, मित्रांनो. देता आलं असतं, तर माझ्याजवळचं सारं दिलं असतं.

तुमच्या गावातही असा एखादा दगड असेल. त्याच्यावर रंग चढला असेल, पोस्टर चिकटलं असेल, नाहीतर माझ्यासारखा त्याचा देव झाला असेल. त्याच्याजवळ जा, हातानं चाचपून पाहा, खाली कुणाचं नाव आहे का. आणि कधी बेहडीटोल्याला उतरलात, तर मला नमस्कार नाही केला तरी चालेल. फक्त ही दोन नावं वाचा. मनातल्या मनात नको, मोठ्यानं वाचा. रस्त्यापलीकडे शामकला दारात बसलेली असते. तिला तिथपर्यंत ऐकू जातं.