पहिला वाटा

खुशाल खोब्रागडे यांच्या चौथ्या रहस्यकादंबरीला पुरस्कार मिळाला आणि त्यांची झोप उडाली. कारण होतं कादंबरीतला खुनी. मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष, पुढचा दात सोन्याचा, हसण्याआधी खोकणारा. पोंभुर्ण्याजवळच्या त्यांच्या गावात असा माणूस एकच होता आणि तो त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. केवळराम. शाळेत दोघं एकाच बाकावर.

आधीच्या कादंबऱ्या गावात कोणी वाचल्या नव्हत्या, त्यामुळे लेखकाची भीड चेपलेली. हिला मात्र पुरस्कार. तलावाच्या पाळीवर जाळी शिवताना केवळरामची सून नूतन ती मोठ्यानं वाचू लागली, रोज एक प्रकरण. खुशालभाऊंनी तो रस्ता सोडला.

शेवटचं प्रकरण संपलं आणि सकाळीच केवळरामचा निरोप आला : मासोळ्या काढून राह्यलो, ये. सत्कारही उरकू.

पाळीवर मासोळ्यांचे वाटे मांडलेले. शाल केवळरामच्या हातात. तो खोकला, पण हसला नाही.

"खुशाल, तो खुनी कोन होय?"

"काल्पनिक आहे."

"काल्पनिक कायचा? सोन्याचा दात हाय त्याले. मले वाटलं, मीच होय."

खुशालभाऊंनी पाणी मागितलं.

"मंग शेवटी पोलिस त्याले कशावरून पकडते? तर वाटे यानंच केले अन् पहिला वाटाबी यानंच उचलला, त्याच्यात चाकू लपवला होता म्हनून. तवा समजलं, मी नोहोय. वाटे करनारा शेवटी उचलते. म्या कधी पहिला उचलला का?"

"खून करन हा एखाद्या वेळी, रागीट हाय," म्हातारा जंगू म्हणाला. "पन पहिला वाटा? नाई."

पाळीवरच्या सगळ्या माना हलल्या.

"बाजूच्या गावचा अध्यक्ष होय तो," नूतन म्हणाली. "त्याचाबी दात सोन्याचा."

"लय झोंबलं असन त्याले," केवळराम म्हणाला, खोकला, आणि आता मात्र हसला. शाल खुशालभाऊंच्या खांद्यावर पडली.

हा रिवाज खुशालभाऊंना ठाऊकच नव्हता. नोकरीची सगळी वर्षं चंद्रपूरच्या कॉलेजात गेली, मासोळी बाजारातून यायची.

"तोच तर धागा ठेवला होता," ते गंभीरपणे म्हणाले.

वाटे उचलले गेले. केवळरामच्या वाट्याला उरलेला आला, निव्वळ काट्यांचा.

घरी भिंतीवर मानपत्र होतं. 'स्थानिक चालीरीतींची अचूक जाण' परीक्षकांनी खास वाखाणली होती. मासोळीचं कालवण आणि भात जेवून खुशालभाऊंनी मानपत्राकडे पाठ केली, आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.