कुणाच्या नावाने

डेल्मरने शवपेटीच्या झाकणावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि कान लावला. कोळशाच्या खाणीत तो छत असंच वाजवून बघायचा; पोकळ असेल तर आवाजावरून कळायचं.

"आतून कुणी ओ दिली तर सांग," त्याची बायको ऑर्फा म्हणाली.

दुकानाचा मालक टॅकेट हसला नाही. केंटकीच्या या खोऱ्यातली निम्मी माणसं त्याच्या वडिलांनीच पुरली होती. त्याने नुसता किमतींचा कागद पुढे सरकवला.

हा उद्योग सुचवला होता नोरीनने. ज्येष्ठांच्या केंद्रात ती लोकांना अर्ज भरून द्यायची. डेल्मरच्या हृदयाचे ठोके अनियमित होते. रक्ताची गुठळी मेंदूत जाऊ नये म्हणून त्याला दिवसाला दोन गोळ्या होत्या आणि त्यांच्यात पेन्शनचा तिसरा हिस्सा जायचा. अशा औषधांसाठी सरकारी मदत होती, पण दोघांची बँकेतली शिल्लक मर्यादेच्या वर निघाली. त्या हिशेबात राहतं घर धरत नाहीत, गाडी धरत नाहीत आणि अंत्यविधीसाठी आगाऊ भरलेले पैसेही धरत नाहीत, असं नोरीनने हळू आवाजात सांगितलं. एकाच्या विधीचे पैसे भरून टाका, अर्ज नियमात बसेल.

डेल्मर तीन आठवडे हटून बसला. ती शिल्लक त्याच्या मागे ऑर्फाला लागणार होती. त्याच तीन आठवड्यांत ऑर्फाने बाटलीतल्या गोळ्या मोजल्या. जेवढ्या उरायला हव्या होत्या, त्याहून अठरा जास्त निघाल्या. तो फक्त सकाळची गोळी घेत होता. एका गोळीचा असर साधारण बारा तास राहतो, हे तिने औषधांच्या दुकानात विचारून घेतलं. त्याला ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कोट घाल एवढंच म्हणाली.

डेल्मर आता कोपऱ्यातल्या राखाडी पत्र्याच्या पेटीपाशी थांबला होता. सगळ्यांत स्वस्त तीच होती. त्याने आतली गादी दाबून पाहिली. बोटं थेट पत्र्याला लागली.

"ही चालेल," तो म्हणाला. "मी काही तक्रार घेऊन येणार नाही." मग जरा थांबून, ऑर्फाकडे न बघता म्हणाला, "बरं झालं एका परीने. आता मला काही झालं तरी तुझी धावपळ नको."

ऑर्फाने पर्स मांडीवर घट्ट धरली.

टॅकेटने करार उघडला. एकदा सही झाली की पैसे परत मिळत नाहीत, नावही बदलता येत नाही, हे त्याने दोघांना सांगितलं. मग डेल्मरचं नाव लिहायला पेन टेकवलं.

"ऑर्फा मे स्कॅग्ज," ती म्हणाली.

टॅकेटचा हात थांबला.

"अगं, आजारी मी आहे," डेल्मर म्हणाला.

"माहीत आहे."

"मग मला पुरणार कशाने?"

"तुझ्यासाठी आता पैसे उरत नाहीत," ती म्हणाली. "तेव्हा संध्याकाळचीही गोळी घेत जा."

डेल्मरचा हात अजून पेटीत, गादीवर होता. त्याने ती पुन्हा एकदा दाबून पाहिली, या वेळी पूर्ण तळहाताने.

"मग ही नको," तो टॅकेटला म्हणाला. "हिला पाठीखाली कडक चालत नाही."