सीवर कुणाचं काही न्हाई

तबकड्या दोन. त्यांच्यावरून फिरणारी डोकी चार. लिहिण्याच्या चौकटी, म्हणजे सेक्टर, दहा लाख सत्तावन्न हजार तीनशे ब्याण्णव. प्रत्येक सेक्टरमध्ये पाचशे बारा बाइट मावतात; एक बाइट म्हणजे एक अक्षर धरा. बिघडलेले सेक्टर सतरा. भिंत एक.

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. सध्या भिंगारच्या बाजारात, संदीपच्या दुरुस्तीच्या दुकानात, स्क्रूच्या डब्याशेजारी पडून असते. जिथे मी तयार झाले तिथे धुळीचा एक कणही आत येऊ देत नसत. तिथून मी थेट नगरला आले. मार्च १९९५ मध्ये संदीपनेच मला आप्पासाहेबांच्या माती-पाणी तपासणी केंद्रातल्या संगणकात बसवले आणि त्याच दिवशी माझे दोन भाग केले, सी आणि डी. ही भिंत विटांची नसते. माझ्या पहिल्याच सेक्टरमध्ये चार आकडे लिहिले जातात: इथपर्यंत सी, इथून पुढे डी. तबकडीला ती जाणवतसुद्धा नाही.

संदीपने आप्पासाहेबांना नीट समजावले. "सीवर फक्त सिस्टम. मशीन बिघडलं की तेवढी बाजू पुसून नव्यानं भरायची. माणसांचं काम सगळं डीवर ठेवा, त्याला धक्का लागत नाही."

आप्पासाहेबांना ही युक्ती फार आवडली. पाहुणे आले की ते माझे दोन भाग उघडून दाखवत. दसऱ्याला माझ्या पत्र्याच्या खोक्यावर हळदकुंकू आणि झेंडूचे फूल पडे. इतके कौतुक नंतर कधी वाट्याला आले नाही.

केंद्रात पाण्याचे नमुने तपासायला सीमा होती. देवळाली प्रवराची, रसायनशास्त्रात बी. एस्सी. झालेली, त्यांच्या वस्तीतली पहिली पदवीधर. पहिल्याच आठवड्यात आप्पासाहेबांनी तिला सांगितले, "डी आमची हाय, घरची. तुझं काय असंल ते सीवर ठेव. सिस्टम चालवायलाच हायेस ना तू? मग सिस्टममधीच."

"पण संदीप म्हणाले, ती बाजू कधीही पुसावी लागते."

"पुसंल तवा सांगू की तुला."

असे वाटून देणे त्या खोलीला नवे नव्हते. चहा आला की 'खिडकीतला कप सीमाचा' हे वाक्य मी रोज ऐकत असे.

तर सीमाने सीवर एक साधी मजकुराची फाइल उघडली आणि तिला 'विहीर' नाव दिले. पहिली नोंद २० मार्च १९९५ची. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची ती तारीख तिने मुद्दाम निवडली होती. दर रविवारी ती घरी जाई आणि सोमवारी वस्तीच्या विहिरीचे पाणी बाटलीत घेऊन एसटीने परत येई. बाटली तिची आई कलाबाई भरत असे. तिचे बोलणे सीमा हसत हसत संदीपला सांगे: "आई म्हणती, पानी तर आमीच पितो, मग बाटली कशापायी धुवायची? आमाला धू की आतून."

वस्तीला नळ हवा होता. विहिरीचे पाणी वर्षागणिक खारट होत चालले होते. पण कचेरीत सांगितले होते की तोंडी तक्रार चालणार नाही, सलग मोजलेल्या नोंदी आणा. पहिल्या नोंदीत लिटरमागे क्षार १,१४० मिलिग्रॅम होते. शहाण्णवाव्या नोंदीत, १३ जानेवारी १९९७ रोजी, २,३८०. सुनावणी गुरुवारी, २३ तारखेला होती. केंद्राच्या वहीत फक्त शेतकऱ्यांचे नमुने लिहायचे, म्हणून सीमा आकडा बाटलीवरच्या कागदी पट्टीवर लिही आणि मग माझ्यावर. बाटली धुतली की पट्टी जाई. बाहेरची फ्लॉपी आणायला बंदी होती, व्हायरस येतो म्हणून. सोमवारी, २० तारखेला, सत्त्याण्णवावी नोंद करून ती स्वतःच्या कागदावर सगळ्याची छापील प्रत काढणार होती.

व्हायरस आला तो आप्पासाहेबांच्या मुलाच्या, आदिनाथच्या, खेळाच्या फ्लॉपीतून. शनिवारी संध्याकाळी मशीन चालू होईना. आप्पासाहेबांना २६ जानेवारीचे भाषण लिहायचे होते. त्यांनी रविवारीच संदीपला बोलावले. सीमा तेव्हा देवळालीत होती.

संदीपने विचारले, "सीवर कुणाचं काही आहे का? पुसतोय."

"कुणाचं काही न्हाई. सिस्टमच हाय."

मित्रांनो, ते खोटे बोलले असे मला वाटत नाही. त्यांना खरोखरच काही आठवले नाही. मला जास्त सलते ते हेच. माझ्यावर त्या क्षणी शहाण्णव सोमवार लिहिलेले होते. पण डिस्कला वाचतात, डिस्कला विचारत नाहीत. पुसण्याआधी मशीनही एकदा विचारते, पुढे जायचे का? संदीपने होय म्हटले.

पुसणे म्हणजे लगेच सगळे नाहीसे होणे नव्हे. आधी फक्त यादी जाते, अक्षरे जागच्या जागी राहतात. सीमाचे बावीस सेक्टर दुपारपर्यंत माझ्यावर होते. मग नवी सिस्टम भरली गेली आणि मी स्वतःच, माझ्याच डोक्यांनी, त्यांच्यावर दुसरे लिहीत गेले.

सोमवारी सीमाने बाटलीतले पाणी मोजले, २,४१०, आणि मला चालू केले. तिने संदीपला बोलावून घेतले.

तो आला आणि म्हणाला, "तुझं डीवर नव्हतं?"

"मला डी नव्हती," सीमा म्हणाली.

आप्पासाहेब म्हणाले, "येवढं काय त्यात? परत मोज. हीर कुठं पळून चालली व्हय?"

संदीप दोन दिवस माझा एकेक सेक्टर उघडून वाचत बसला. बावीसपैकी तीन सापडले. त्यांत तेरा नोंदी होत्या, १ जुलै ते २३ सप्टेंबर १९९६. पावसाळ्याच्या. विहिरीत नवे पाणी उतरते तेव्हाच्या. क्षार १,९९० वरून १,३१० वर आलेले.

सुनावणीचे मला संदीपच्या बोलण्यातून कळले. कचेरीतल्या साहेबांनी कागदावरून बोट फिरवले आणि म्हणाले, हे तर कमी होतंय. सीमाने सांगितले की हे पावसाळ्याचे आकडे आहेत, बाकीचे त्र्याऐंशी पुसले गेले. सोमवारचा २,४१० तिने पुढे केला. एका आकड्याने काय ठरते, असे म्हणून त्यांनी शेरा मारला: 'नोंदींवरून क्षार घटत असल्याचे दिसते. मागणी तूर्त दप्तरी दाखल.' कलाबाई दाराशी उभी होती. तिने विचारले, "म्हंजी पानी ग्वाड झालं का?"

सीमाने केंद्र सोडले. ती आता वहीत लिहिते, नोंद क्रमांक एकपासून. यंदा, दोन हजार साल येणार म्हणून, केंद्रातले मशीन बदलले. तेव्हा डीवरचे सगळे, आदिनाथच्या खेळांसकट, जपून नव्या डिस्कवर नेले. मी इथे आले.

मित्रांनो, माझ्यासारखीचे भाग जरूर करा. सिस्टम वेगळी, माणसांचे काम वेगळे, ही चांगली सोय आहे. पण भिंत घातल्यावर कोणाला कुठे ठेवले ते बघा. आणि पुसण्याआधी मशीनच्या मालकाला नव्हे, जो रोज त्यावर लिहितो त्याला विचारा.

रविवार, १९ जानेवारी १९९७ रोजी, पुसण्यापूर्वी, डीवरची मोकळी जागा २१,३९,५०,४६४ बाइट होती. सीमाची फाइल ११,२६४ बाइटची होती.