पाठीमागची जागा

कोमळवल्ली तीस वर्षं पट्टाभिराम अय्यरांच्या पाठीमागे बसून गायली. गुरू पुढे, शिष्या मागे, हा दक्षिणेतल्या मैलापूरच्या गानसभांचा रिवाजच. गुरूने ओळ सुरू करायची, हिने ती अर्ध्यातून उचलायची. साठीनंतर अय्यरांना वरचा षड्ज लागेना, तेव्हा ते तिथे नुसता हात वर करायचे आणि सूर कोमळा लावायची. टाळ्या मात्र हात वर करणाऱ्याला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच! एकटीने गायचा विषय तिने काढला की म्हणायचे, "घाई काय आहे गं? अजून कच्ची आहेस." कच्ची राहता राहता तिचे केस पिकले.

वैशाखात म्हातारा गेला. ती रडली. खोटं कशाला बोला, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

मार्गळीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या संगीताच्या हंगामात सभेने त्यांच्या स्मरणार्थ सकाळची मैफल ठेवली. सभेचा कारभार अय्यरांच्याच मुलाकडे, शेषाद्रीकडे. तो म्हणाला, "अक्का, आज मधोमध तुम्ही बसा. रंगली, तर पुढच्या वर्षापासून ही मैफल तुमच्या नावावर."

कोमळाने ठेवणीतली कांजीवरम नेसली. व्यासपीठावर व्हायोलिनवाले नागमणी मामा खुंट्या पिळत हसले, "काय गं, तीस वर्षं तुझा आवाज ऐकला, तोंड आज दिसतंय!"

तिने कांभोजी राग धरला. पहिली फिरत झोकात घेतली आणि थांबली. तिचं तिलाही कळलं नाही. मामांनी चपापून पाहिलं आणि ती पोकळी व्हायोलिनने भरली. पुढच्या फिरतीनंतर पुन्हा तेच. मग कृती, म्हणजे बंदिश, सुरू झाली, तर ओळीचा आरंभ तोंडातून निघेना; अर्धी ओळ गेल्यावर आवाज फुटायचा. वरचा षड्ज तेवढा लख्ख लागला. तिथे थांबायची सवयच नव्हती ना! बाकी ठिकाणी ती मनातल्या मनात स्वतःला ढकलत होती, रागावत होती, पण गळा मेलेल्या माणसाची वाट पाहत राहिला.

मैफल संपली तेव्हा पहिल्या रांगेतल्या वयस्कर बायका डोळे पुसत होत्या. "काय ही गुरुभक्ती! त्यांच्यासाठी जागा सोडून गायली हो पोर!" सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

"मुद्दाम सोडलीस?" मामांनी हळूच विचारलं.

"नाही हो. मला सुरूच करता येत नाही."

मामांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि बराच वेळ झाकण लावत बसले.

शेषाद्री धावत आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "अक्का, जिंकलंत! आता दरवर्षी असंच. मधोमध अप्पांचा फोटो ठेवू, तुम्ही आपल्या मागच्या जागेवर. पत्रिकेवर अप्पांचंच नाव राहू दे, लोकांना तेच आवडेल..."

कोमळाच्या ओठांवर 'नको' आलं होतं. पण तो बोलत होता, म्हणून ती त्याचं संपायची वाट पाहत थांबली. त्याचं संपलं, तेव्हा तो फोटोची मापं सांगायला सुताराकडे निघूनही गेला होता.