बिनकामाची ओळ

बाळंतपणाच्या रजेवरून मी नुकतीच कामावर आले होते, तेव्हाची गोष्ट. नवजात बाळांच्या वॉर्डातून तक्रार आली. एका बाळाचा श्वास थांबला, ते निळं पडलं, तरी आमचा मॉनिटर श्वास चालू दाखवत होता. नर्सचं लक्ष गेलं म्हणून बाळ वाचलं.

मॉनिटरचा प्रोग्राम आमच्या टीमचा. टीमप्रमुखांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांचं म्हणणं, प्रोग्रामला कोणी हात लावलेला नाही, फक्त साफसफाई झालीय. ती करणारं टूल त्यांनीच बनवलेलं, आणि त्यांचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव. जुना कोड वाचायचा, बिनकामाचं काढून टाकायचं, एवढंच त्याचं काम. नंतर चाचण्या हिरव्या आल्या, म्हणजे पास झाल्या, की झालेले बदल कोणी डोळ्यांखालून घालत नाही, अशी आमच्याकडची रीत. सकाळी मास्तरांनी चाचण्या पुन्हा चालवल्या. सगळ्या हिरव्या. मशीन ठणठणीत आहे, असं त्यांनी वॉर्डला कळवूनही टाकलं.

माझ्या मनातून ते निळं बाळ जाईना. मी बदल एकेक करून वाचायला घेतले. मास्तर म्हणाले, आईपण घरी ठेवून येत जा. मधेच मी घरी फोन केला. पिल्लू झोपलंय, असं सासूबाईंनी सांगितलं. श्वास नीट चालतोय ना, असं विचारल्यावर हसल्या.

"तुझ्या नवऱ्याला मी मशीन न लावताच वाढवलंय गं."

दुपारी सापडलं. जुन्या कोडमध्ये सेन्सरचा आकडा लागोपाठ दोनदा वाचलेला होता. पहिला वापरायचाच नव्हता. हा सेन्सर आधी मागच्या खेपेचा शिळा आकडा हातावर टेकवतो. तो घेऊन सोडून दिला की मग ताजा मिळतो. टूलने पाहिलं, वाचलेलं कुठे वापरलेलं नाही, आणि ती ओळ उडवली. तेव्हापासून पडद्यावर मागच्या खेपेचा, म्हणजे अर्ध्या मिनिटापूर्वीचा श्वास दिसत होता. एवढ्याशा जिवाला तेवढा उशीर पुरतो. चाचण्यांमधला सेन्सर लुटुपुटीचा, तो नेहमी ताजाच आकडा देतो. मग लाल येणार कुठून?

मास्तरांना दाखवलं. ते खुर्चीत मागे टेकले. आधी दुरुस्त करू, मग कळवू, असं काहीतरी पुटपुटले. मी तोवर वॉर्डचा नंबर लावला होता.

नर्सने सगळं ऐकून घेतलं आणि फोन हातात धरूनच कोणाला तरी सगळे मॉनिटर काढायला सांगितलं. तक्रारीचं मशीन कुठे आहे, मी विचारलं.

"ठीक आहे म्हणालात ना तुम्ही सकाळी. दुसऱ्या बाळाला लावलं."

"तेही काढा, ताई. आत्ताच."

"ते मघाशीच काढलंय," ती म्हणाली. "त्या बाळाची आई बाहेर बसलीय. तिला अजून सांगायचंय."

मास्तर माझ्याकडे बघत होते. मी घरचा नंबर लावला, आणि सासूबाईंना पिल्लाच्या छातीवर हात ठेवायला सांगितलं. माझा आवाज ऐकून या वेळी त्या हसल्या नाहीत. चालतोय गं, चालतोय, असं म्हणत राहिल्या.