गुलाबी तीर्थ

गुरुवारी दुपारी पूर्णा गावातल्या एका रिकाम्या गोडाउनात पाय ठेवायला जागा नव्हती. कोन गावापासून दिघाशीपर्यंतची बारावीची पोरं आईबापांना खेटून बसली होती. प्रत्येकाच्या हातात मंतरून घ्यायला आणलेलं एक कोरं बॉलपेन. समोर उंच आसनावर, भगवी शाल पांघरून, विद्यासिद्ध बापू विराजमान झाले होते. इंजिनिअरिंगची सीईटी तेवीस दिवसांवर आलेली. खरं तर पोरांनी या वेळी पुस्तकात डोकं घालून बसायला हवं होतं, पण बापूंच्या राज्यात पुस्तकालाच बंदी.

"बेटा, मेंदू म्हणजे काय? कॉम्प्युटर!" बापू माइकमध्ये गरजले. "त्यात तुम्ही पुस्तकं कोंबताय. मग तो हँग न्हाय होणार तर काय नाचणार? मी आधी तो साफ करतो, मग विद्या भरतो. परीक्षेपर्यंत वाचायचं न्हाय! वाचलंत की सिद्धी उतरली. परीक्षेला बसा, डोळे मिटा, उघडा. चार उत्तरांतलं खरं उत्तर तुम्हाला गुलाबी दिसेल. गुलाबी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन हजार सहा साल होतं, घराघरात मोबाईल आले होते, आणि शिकलीसवरली माणसं उत्तर गुलाबी दिसण्याची वाट बघत होती. धन्य ते बापू आणि धन्य आपण!

बापूंच्या डाव्या हाताला पूर्वी नावाची मुलगी बसली होती. मागच्या फ्लेक्सवर तिचाच हसरा फोटो होता, 'बापूकृपेने सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात'. गेल्या वर्षी कोन गावातून तिचा एकटीचा नंबर लागला होता. आता सुट्टीत घरी आली, तर बापूंनी तिला सेवा लावून दिली. थप्पीतला एकेक कोरा कागद उचलून बापूंच्या हातात द्यायचा, एवढंच काम.

"रीमा!" पुकारा झाला.

रीमा म्हणजे पूर्वीची आतेबहीण. तिचे वडील गेल्यापासून ती आणि तिची आई, आक्का, पूर्वीच्याच घरात राहत. आक्का पोरीला हाताला धरून पुढं आली. पूर्वीनं कागद दिला. बापूंनी तो उलटसुलट करून सगळ्यांना दाखवला, अगदी कोरा. तांब्याच्या कलशातलं तीर्थ त्यावर शिंपडलं, आणि पांढऱ्या कागदावर हळूहळू गुलाबी अक्षरं उमटली, 'उत्तीर्ण'.

"आई एकवीरे!" आक्कानं हात जोडले. बघता बघता अक्षरं फिकट झाली आणि नाहीशी झाली.

"गेली! पोरीच्या डोक्यात शिरली विद्या!" बापू म्हणाले.

रीमा पूर्वीकडं बघून खुदकन हसली. पूर्वीही हसली, आणि तिचं तिलाच कसंतरी झालं.

कारण पूर्वीला तो गुलाबी रंग पहिल्या दिवसापासून ओळखू आला होता. गेल्या वर्षी आक्कानं तिला बळेच इथं आणलं, कागद गुलाबी झाला, तेव्हा ती मनातल्या मनात म्हणाली होती, "अरे, हे तर आमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधलं!" पण बोलली नाही. मग निकाल लागला. आक्का गावभर पेढे वाटत "बापूंची कृपा" म्हणत सुटली. फ्लेक्स लागला. बायका लेकरांना पूर्वीच्या पाया पडायला लावू लागल्या. पूर्वीला वाटलं, कुणाचं काय बिघडतंय? आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही. राबणाऱ्या पोरीला कोण विचारतो? देवाच्या लाडक्या पोरीला सगळे विचारतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिला देवघरात रीमाची पुस्तकं दिसली. लाल कापडात बांधलेली, वर हळदकुंकू.

"हे काय गो रीमा? फिजिक्स अर्धं राहिलंय ना तुझं?"

"बापूंनी सांगितलंय ना, वाचायचं न्हाय."

"अगं, पण थोडं तरी..."

"तू तरी कुठं अभ्यासावर पास झालीस?" रीमा निरागसपणे म्हणाली. "बापूंनीच केलं ना सगळं? तूच तर म्हनालीस, माइकवर."

म्हणाली होती खरी. बापूंनी माइक पुढं केला आणि तिनं मान डोलावत "बापूंमुळेच" म्हटलं होतं. पुढच्या गुरुवारी ती पुन्हा जाऊन बसली, आणि पुन्हा कागद दिले. एकेका पोराच्या हातून पुस्तक आपणच काढून घेतोय, असं तिला प्रत्येक कागदागणिक वाटत होतं. तरीही दिले.

दुसऱ्या दिवशी, पहाटेच, ती वडिलांच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडकडं गेली. शेडला लागून कापडाचे तागे ठेवायची खोली होती. तिथल्या टेबलावर तिनं चौदा महिने अभ्यासात काढले होते. लूमवरचा जुना कारागीर तुळशीराम रात्रीची ड्युटी संपवून चहा पीत बसला होता.

"रीमा न्हाय आली ती अभ्यासाला?"

"तिची पुस्तकं देवघरात हायत, काका."

"आणि तुझी कुठं होती? हितं, या टेबलावर. पाचच्या ठोक्याला यायचीस. मी डोळ्यांनी बघितलंय." तुळशीरामनं कप खाली ठेवला. "बाय, लूम बंद ठेवून पुन्हा चालू केला ना, की कापडात तिथं आडवा पट्टा उमटतो. मग व्यापारी माल परत धाडतो. त्या पोरीचा लूम बंद पडलाय. तुला ठाऊक हाय, आणि तू गप हायस. हे काय बरं न्हाय."

पूर्वी तिथंच तोंड झाकून रडली. तुळशीराम तिला गप्प करायला गेला नाही. रडू दिलं तिला.

त्याच दिवशी ती आपल्या जुन्या कॉलेजात गेली आणि लॅबच्या सरांकडून एक छोटी बाटली मागून आणली.

पुढच्या गुरुवारी सीईटीला नऊ दिवस उरले होते. गोडाउनात गर्दी दुप्पट. पूर्वी उठली.

"बापू, आज एक कागद माझ्या नावानं. पुढच्या वर्षासाठी."

बापू खूश. लाडकी शिष्या! तिनं पुढं केलेला कोरा कागद त्यांनी सगळ्यांना दाखवला आणि भरपूर तीर्थ शिंपडलं. अक्षरं उमटू लागली. पुढं बसलेला प्रितेश नावाचा पोरगा मोठ्यानं वाचू लागला, "मी... अभ्यास केला... मी गप्प बसले..."

मागची माणसं माना उंच करून कागद बघू लागली. बापूंनी कागद चुरगाळायला घेतला, पण पूर्वीनं तो त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"हे मी लिहिलंय. काल, घरी, काडीला कापूस गुंडाळून. बारावीला टायट्रेशन कुणी कुणी केलं? हात वर करा!"

बिचकत बिचकत पंचवीस-तीस हात वर गेले.

"फ्लास्कमधे आधी दोन थेंब काय टाकायचात?"

"फिनॉल्फ्थेलिन," प्रितेश पुटपुटला. आणि मग त्याचा चेहराच बदलला. "आयला! अल्कलीत गुलाबी होतं ते!"

"तेच! त्यानं लिहिलं आणि वाळलं की दिसत न्हाय. आणि कलशात तीर्थ न्हाय, चुन्याची निवळी हाय. पानाला लावतात ना, त्याच चुन्याची. हवेतल्या कार्बन डायॉक्साइडनं चुन्याचा जोर जातो, म्हणून रंग उडतो. विद्या कुणाच्या डोक्यात शिरत न्हाय! तुम्ही सगळ्यांनी हे हातानं केलंय, मार्कांसाठी. आणि इथं ओळखलं न्हाय. मी ओळखलं, आणि बोलले न्हाय. माझा गुन्हा तुमच्यापेक्षा मोठा हाय."

"नास्तिक! सिद्धी कोपेल!" बापू ओरडले.

"मग पिऊन दाखवा हे तीर्थ, तांब्याभर!" मागच्या गर्दीत उभ्या तुळशीरामचा आवाज आला.

बापूंनी पाणी काही प्यायलं नाही. शाल सावरत ते मागच्या शटरनं जे गेले, ते पुढच्या गुरुवारी आलेच नाहीत.

पूर्वीनं पिशवीतून एक जाड वही काढली. "माझी सिद्धी ही. चौदा महिन्यांचा हिशोब हाय यात. रोज पहाटे पाच ते सात. रोज दहा जुने प्रश्न. चुकलेलं लाल पेनानं वेगळं लिहायचं, आणि लूमच्या सुट्टीला, शुक्रवारी, नुसतं चुकलेलंच पुन्हा सोडवायचं. ज्या दिवशी कंटाळा केला, तिथं फुली हाय. अशा एकोणीस फुल्या हायत. फुलीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, एवढीच काय ती माझी अक्कल."

आक्का जागची हलली नव्हती. तिचे डोळे भरले होते. "म्हंजे बापूंना केलेला माझा नवस फुकट गेला? मी येडी ठरले का गो?"

"येडी कशी? पाच वाजता रोज मला कोण हलवायचं? चहा कोण द्यायचं? चौदा महिने, आक्का! तू बापूंना श्रेय दिलंस, आणि मी तुझं श्रेय तुला दिलं न्हाय. चुकले मी."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता आक्कानं रीमाला हलवलं. लाल कापड तिनंच सोडलं.

नऊ दिवसांत रीमानं जीव तोडून अभ्यास केला. परीक्षेत एकही उत्तर गुलाबी दिसलं नाही. निकाल लागला आणि थोडक्या मार्कांनी तिचा नंबर हुकला.

"दोन आठवडे गेले माझे," रीमा म्हणाली. ती रागावली नव्हती, हेच पूर्वीला जास्त लागलं. "तू गेल्या वर्षीच बोलली असतीस तर?"

पूर्वीनं एक कोरी वही रीमापुढं ठेवली. पहिल्या पानावर तारीख घातली, आणि त्या सकाळी तिच्याबरोबर टेबलाशी बसली.

तेव्हा मंडळी, पुढं कुणी कोऱ्या कागदावर अक्षर उमटवलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा की पाण्यात काय आहे? आणि उत्तर ठाऊक असेल तर गप्प बसू नका. बापू एकट्याच्या जोरावर कधीच चालत नाही. ओळखून गप्प बसणारं एखादं शहाणं माणूस त्याच्या शेजारी बसून कागद देत असतं.