चौथी हाक

"पाटीला हात लावू नकोस," हे म्हणाले.

किल्ली माझ्या मुठीत होती आणि हे कपाटाला पाठ लावून उभे होते. अंगावर कामाचा निळा शर्ट, खांद्यावर अवजारांची पिशवी तशीच. शनिवारची दुपार, अर्धा दिवस भरून आलेले. हे यायच्या आत मी कप्पा उघडणार होते, पण एक गिऱ्हाईक पँटची उंची कमी करायला आलं ते बसूनच राहिलं, आणि माझा सगळा बेत फसला.

"बाजूला व्हा."

"नाही."

"अहो, माझ्या पोरीचा आवाज आहे त्यात!"

"माहीत आहे मला."

"माहीत आहे आणि असे खांबासारखे उभे राहता?"

आमची ठिपकी जाऊन बावीस दिवस झाले होते आणि या माणसाने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात कामावर रुजू. लोक मला म्हणत, धीराचा आहे हो तुमचा माणूस. मी मनात म्हणे, धीराचा कसला, धोंडा आहे धोंडा.

ती पाटी काय ते आधी सांगते, नाहीतर आम्ही नवराबायको कपाटासमोर वेड्यासारखे का भांडत होतो ते कळायचं नाही. हे लिफ्ट दुरुस्त करतात, सत्तावीस वर्षं. माणूस लिफ्टच्या खड्ड्यात उतरायच्या आधी वरचा मेन स्विच बंद करतो आणि त्यावर आपली लाल पत्र्याची पाटी टांगतो: 'काम चालू आहे. हात लावू नये.' आणि ज्याने टांगली त्यानेच ती काढायची. मग आठही मजल्यांवरची माणसं बोंबलू देत, नाहीतर बिल्डिंगचा मॅनेजर थयथयाट करू दे. कारण खाली कोणीतरी असतं. आमच्या कपाटाच्या खालच्या कप्प्याला कुलूप होतं, आणि त्या कुलपात तसलीच एक पाटी दोन वर्षं लटकत होती. ती टांगली होती ठिपकीने.

ह्यांना नाद एकच, घोड्यांचा. तोही रीतसर. बाकीचे लोक घोड्यांवर वेड्यासारखे लावतात, हे शहाण्यासारखे लावत. मला खरं तर तिथेच भीती वाटायला हवी होती. घरी ह्यांची एक पत्र्याची पेटी आहे, तिच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला: रागात लावायचं नाही. हरलेलं त्याच दिवशी भरून काढायला जायचं नाही. जिंकलो तरी घरी सांगायचं, हरलो तरी सांगायचं. शनिवारी फोनवरून बेताचं लावायचे, आणि हरले काय, जिंकले काय, चेहरा तोच.

"मन कसं मधल्या मजल्यावर पाहिजे," मला समजावायचे. "हरलो म्हणून खड्ड्यात नाही, जिंकलो म्हणून गच्चीवर नाही."

"आणि मधल्या मजल्यावर अडकलं तर? दार कोण उघडणार?" मी विचारायची. ठिपकी फिदीफिदी हसायची.

तिला ठिपकी म्हणायचं कारण, जन्मली तेव्हा एवढीशी होती. झोपाळू मात्र कुंभकर्णाची बहीण. सकाळी स्वयंपाकघरातून मी तीन हाका मारायची, तिसरीला शिव्यांची फोडणी. ढिम्म नाही. मग हे दाढी अर्धवट टाकून जायचे आणि तिच्या कानाशी हळूच म्हणायचे, "ठिपके, दार बंद होतंय हं." की ही ताडकन उठून, "थांबवा, थांबवा!" नर्सिंगला जायचं वय झालं तरी हाच खेळ.

नर्सिंगला गेली मात्र नाही. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या बिल्डिंगची लिफ्ट अडकली, आत एक म्हातारी. त्या लिफ्टचा दोर बदला, असं ह्यांनी तीनदा लिहून दिलं होतं. तरी मॅनेजरने भर लोकांत ह्यांनाच झापलं, फुकटखाऊ म्हणाला. ह्यांनी म्हातारीला सुखरूप बाहेर काढलं, तिला पाणी दिलं आणि वर मशीन रूममध्ये जाऊन बसले. शनिवार होता. खिशात फोन होता. नाद लागल्यापासून बारा वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी रागात लावलं. गेलं. मग ते भरून काढायला लावलं. ठिपकीच्या प्रवेशाची फी सोमवारी भरायची होती, ती संध्याकाळपर्यंत साफ.

तिसरा नियम तेवढा पाळला. दारातच, पायातले बूटही न काढता, आम्हा दोघींना सांगितलं. त्यानंतर मी जे बोलले ते मी इथे सांगत नाही. ज्यांना ऐकायचं होतं त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलंच. थोड्या वेळाने ठिपकीने ह्यांच्या पिशवीतून पाटी काढली.

"बाबा, ही कोणी काढायची असते?"

"ज्याने लावली त्याने."

"मग मी लावते. आणा तो फोन."

फोन कप्प्यात गेला, कुलूप लागलं, वर पाटी. किल्ली तिने आपल्या गळ्यातल्या साखळीत ओवली. मग दाताखाली ओठ धरून म्हणाली, "आणि लावणारा आलाच नाही तर?"

"तर दोघांनी जायचं," हे म्हणाले. मान खालीच. "एकाने बॅटरी धरायची, एकाने खड्ड्यात तोंड करून तीन हाका मारायच्या. नाव घेऊन. प्रत्येक हाकेनंतर वीस आकडे थांबायचं. ओ आली नाही तर दोघांनी मिळून पाटी काढायची."

"माझ्यासाठी तीन पुरणार आहेत होय?" ती म्हणाली, आणि त्या तसल्या दिवशीसुद्धा आम्ही तिघं हसलो.

मग ती लांबच्या शहरात औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायच्या कामाला लागली. दोन वर्षं काम करते, मग शिकते, नर्स थोडी उशिरा झाली म्हणून रोगी पळून जात नाहीत, असं म्हणाली. सुट्टीला यायची तेव्हा येताजाता पाटीवर टिचकी मारायची, "अजून नाही हं, बाबा." हेही मान डोलवायचे. दोन वर्षांत कप्प्याकडे ह्यांनी वाकड्या नजरेनेसुद्धा बघितलं नाही, हे मी शपथेवर सांगते. साधा बटणांचा फोन वापरायचे, माझ्यासारखाच.

मग तिकडे ठिपकीला ताप आला, तीन दिवस. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा तिच्या तोंडात नळी होती. डोळे उघडले, आम्हाला ओळखलं, पण बोलता येईना. हे तिचा पाय धरून बसले. पहाटे गेली. तिचं सामान एका पिशवीत घालून आमच्या हातात दिलं, त्यात ती साखळी होती आणि साखळीत किल्ली.

घरी आल्यावर आठव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, मला तिचा आवाज आठवत नाही. ती काय बोलायची ते आठवे, पण आवाज येईना. आई आहे मी तिची, आणि मला तिचा आवाज येईना! मग आठवलं, शाळा-कॉलेजात असताना ती ह्यांच्या फोनवर बोलून बोलून निरोप पाठवायची. ते सगळे त्या कप्प्यात होते. त्या दिवसापासून मी किल्ली पदराला बांधून फिरत होते, तिची पाटी काढायचा धीर मात्र आज झाला होता.

आणि आता हे आडवे उभे.

"कोणासाठी राखताय पाटी?" मी ओरडले. "जिने लावली ती गेली! तुमच्या घोड्यांनी नेली तिला! फी जाग्यावर असती तर पोर इथे असती, माझ्या डोळ्यांसमोर असती!"

बोलले आणि जीभ चावली. बावीस दिवस आवरलेलं होतं ते. हे हलले नाहीत. पिशवी मात्र खांद्यावरून घसरली आणि पाने, पक्कड, सगळं फरशीवर सांडलं. मग हे तिथेच कपाटाला टेकून खाली बसले.

"खरं आहे," म्हणाले. "पण तू ऐक. आज शनिवार आहे."

"मग?"

"मला लावायचंय."

मी किल्लीची मूठ पाठीमागे घेतली.

"बावीस दिवस रोज लावायचंय. खड्ड्यात उतरलो तरी डोक्यात घोडेच. जिंकायचं नाहीये गं मला, कशाला जिंकू आता? पण एकदा लावलं ना, की घोडे पळतात तेवढं दीड मिनिट माणसाला दुसरं काही आठवत नाही. तेवढं दीड मिनिट ती मेलेली नसेल." ह्यांनी तोंडावरून हात फिरवला. "फोन हातात आला तर मी आधी तिचा आवाज ऐकणार नाही. आधी लावीन. मी ओळखतो मला. हरीन, मग भरून काढायला लावीन, मग तुझं शिवणाचं मशीनसुद्धा विकीन. ती पाटी आहे म्हणून उभा आहे मी. नाहीतर कधीच गेलो असतो."

धोंडा म्हणत होते मी ह्या माणसाला. मी खाली बसले, ह्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून, आणि सांडलेली अवजारं एकेक करून पिशवीत भरली. मग म्हटलं, "अहो, लावणारा आला नाही तर काय करायचं असतं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"दोघं आहोत आपण," मी म्हटलं.

पिशवीतून मी बॅटरी काढली आणि कुलपावर धरली. भर दुपारी. वेडेपणा वाटेल, पण आम्हाला तसं वाटलं नाही. हे गुडघ्यांवर उभे राहिले, शर्ट खाली ओढून सारखा केला, आणि कप्प्याकडे तोंड करून कामावर मारतात तशी खणखणीत हाक मारली.

"ठिपके!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. हे ओठ हलवत वीसपर्यंत मोजत होते. मीही मोजत होते.

"ठिपके!"

वीस.

तिसऱ्या हाकेला आवाज चिरकला. पुन्हा वीस. ह्यांचा हात पाटीकडे गेला तसा मी मनगट धरलं.

"तीन हाकांत कधी उठली होती ती?"

ह्यांनी डोळे मिटले. पुढे वाकून कपाळ त्या पत्र्याला टेकवलं, आणि इतक्या हळू की मलाच जेमतेम ऐकू यावं, म्हणाले, "ठिपके, दार बंद होतंय हं."

वीस झाले. तीस झाले. हे मोजतच होते. चाळीसच्या पुढे आकडे फुटायला लागले, आणि मग हा माणूस लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडला. मी बॅटरी खाली ठेवली नाही. दुसऱ्याने बॅटरी धरायची असते.

पाटी आम्ही दोघांनी मिळून काढली. मग हे उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन आतून म्हणाले, "बाहेरून कडी लाव." मी लावली. फोन आणि त्याची वायर, दोन्ही कप्प्यात होतं. फोन जिवंत व्हायला पाऊण तास लागला. तोवर हे आत, मी बाहेर.

"झाला चालू?"

"झाला."

"आधी ते घोड्याचं चित्र काढून टाक."

"कसं?"

"बोट दाबून धर. हलायला लागेल. मग फुली येते, फुलीवर दाब."

घोडा थरथरला आणि गेला. मग मला ठिपकीचे निरोप सापडले. पहिलाच लागला तो असा:

"बाबा, येताना पांढरा दोरा आणा, आईचा संपलाय. तिला सांगू नका मी सांगितलं, म्हणेल मी विसरले होते का! विसरलीच आहे ती. लवकर या."

हाच, हाच तिचा आवाज. शेवटी थोडं नाक चोंदलेलं. मी पदर तोंडात कोंबला.

"परत लाव," दारामागून आवाज आला.

मी सात वेळा लावला. मग फोन कप्प्यात ठेवला, कुलूप घातलं, पाटी टांगली.

"लावलीस?" आतून विचारलं.

"लावली."

"कोणी?"

"मी. आता मीच काढणार. दर शनिवारी ऐकू, तुम्ही आत, मी बाहेर."

म्हणजे हे आहेत तोवर आता मला मरायची सोय नाही. असो. कडी काढली. हे ओट्याला टेकून उभे होते, डोळे लालबुंद, पण तोंड धुतलेलं.

"दोरा आहे का पांढरा?" ह्यांनी विचारलं.

"आहे की. तीन रिळं आहेत."

ह्यांनी मान डोलवली. तरी चपला घातल्या आणि दोरा आणायला गेले.